आत्याबाईच्या कळा

अख्ख्या अड्याळ गावात स्वतःचं दुखणं नातेवाइकांत वाटून टाकणारी बाई एकच झाली, आणि ती माझी मोठी आत्या. सत्तरच्या दशकात, ऐन उमेदीत, धानाच्या पुंजण्यावरून, पेंढ्यांच्या गंजीवरून, पडून तिची कंबर जी गेली ती कायमची. डॉक्टर झाले, मांत्रिक झाले, चोळणारे झाले. कंबर कोणालाच बधली नाही. मग आत्यानं आपली पद्धत काढली. कळ उठली की क्षणभर डोळे मिटायचे आणि ज्याच्यावर राग असेल त्याच्या नावे ती करून मोकळं व्हायचं. "हे जावेले! हे त्या मुडद्या व्याह्याले!" तांदूळ निवडता निवडता चार-पाच नातेवाईक गारद व्हायचे. एका दिवाळीला मी भेटायला गेलो नाही, तर पंधरा दिवस सगळ्या कळा माझ्याच नावे. मला साधी शिंकही आली नाही हे कळल्यावर ती चांगलीच खट्टू झाली.

धानाच्या लावणीत, रोवण्यात मात्र हसू यायचं नाही. बायांनी पाण्यानं भरलेल्या बांधीत ओणवं होऊन, मागं मागं सरकत परहे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे. जी रेंगाळेल तिच्या दोन्ही बाजूंनी लावत जाऊन बाकीच्या तिला कोंडून टाकायच्या आणि वर हसायच्या. एका वर्षी तिच्या लेकानं, माझ्या आतेभावानं, बजावलं होतं, "माय, अवंदा कोंडली गेलीस त पुढच्या साली बांधीत पाय नाही टाकाचा." घरी बसली तर ही बाई वर्षभरही टिकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. सुटी काढून मी बांधावर हजर.

अर्धी बांधी झाली आणि आत्या थांबली. ओणवीच. चेहरा पांढराफटक. दोन्हीकडून हिरवी रांग तिच्या कडेनं सरकू लागली. मी चपला टाकून चिखलात उतरलो. "आत्याबाई, देऊन टाक ना कोणाले! व्याह्याले दे, मले दे!"

"हट्!" ती दात आवळून म्हणाली. "ही लय मोठी हाय रे. अशी कोणाले द्याची नसते."

मग चक्क गुडघ्यांवर बसली आणि खुरडत, कण्हत लावू लागली. कोंडली तर ती केव्हाच गेली होती. पण एकही बाई हसली नाही. आतेभाऊ बांधावरून उतरला. झालं, आता दंड धरून बाहेर काढतो! त्यानं परह्याची पेंडी सोडली आणि तिच्या हातात दिली. "हळू कर, माय," एवढंच म्हणाला.

पुढचे नऊ रोवणे आत्यानं गुडघ्यांवर केले, आणि परहे द्यायला दरवेळी तोच. दहाव्या वर्षी तो सवयीनं पेंडी सोडून बांधीत उतरला, आणि कोणाच्या हातात द्यावी ते न कळून तसाच उभा राहिला.