सुमनचा एकच फॉर्म

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

माझी धाकटी बहीण सुमन आज नातीला घेऊन घरी आली. नात बारावी झाली. आम्ही कॉलेजांची यादी करायला बसलो. दोन जिथे नंबर लागणं कठीण, तीन जिथे लागू शकतो, एक जिथे लागणारच. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "एकाच कॉलेजच्या भरवशावर राहू नको."

नातीने विचारलं, "आजी, तू किती फॉर्म भरले होतेस?"

"एकच वं," सुमन म्हणाली. "आम्ही भिवापूरले राहत होतो. दादा नागपुरात शिकून राहिला होता, तं त्यालेच फॉर्म आणाले सांगितलं. सायन्सचे संपले होते. मंग त्यानं आर्ट्सचा आणला."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. फॉर्म संपले नव्हते. सायन्स कॉलेजच्या फॉर्मच्या खिडकीसमोर मी रांगेत उभा होतो. आदल्याच वर्षी तिथे माझा नंबर लागला नव्हता. सुमनला मॅट्रिकला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्क होते. तिचा लागलाच असता. माझी पाळी यायच्या आत मी रांग सोडली.

आज खरं सांगता आलं असतं. पण तीच पुढे म्हणाली, "दादा बिचारा दिवसभर उन्हात फिरला माह्यासाठी."

मी खाली मान घालून चहा प्यालो.

सुमन या ग्रुपवर नाही, म्हणून एवढं तरी लिहू शकलो. तिच्यासमोर बसून हे कसं सांगायचं, कोणी सांगाल का?