तपासणीच्या दिवशी गावात कुणी आजारी नव्हतं

माणसं वाईट असली की त्यांच्यावर रागावणं सोपं जातं. आमच्या त्या गावची माणसं चांगली होती, आणि मला त्यांचा राग अजून सोडवत नाही.

पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीहून खाडी उतरून पलीकडच्या एका गावात माझ्या डॉक्टर यजमानांनी दवाखाना चालवायला घेतला होता. दवाखाना म्हणजे एका घराची पडवी, दोन बाकं आणि औषधांचं कपाट. औषधं आणि थोडा पगार सरकारचा, राबणं आमचं. डॉक्टर रोगी तपासत, मी मिक्श्चर करून बाटल्या भरायची. बाटली ज्यानं त्यानं घरून आणायची. कुणाच्या बाटलीला खोबरेलाचा वास, कुणाच्या रॉकेलचा; धुता धुता माझी बोटं पांढरी पडत. मग डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून खळीनं बाहेरून चिकटवायची. सकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नसे. हिवताप, खरूज, विंचू, माडावरून पडलेले, सगळे यायचे.

गावकराची सूनही यायची. गावकर म्हणजे गावचा म्होरक्या. देवापुढच्या गाऱ्हाण्यापासून बांधाच्या भांडणापर्यंत शेवटचा शब्द त्याचा. सुनेचं पहिलं बाळंतपण आम्ही येण्यापूर्वी झालेलं. अंगावर सूज चढली, झटके आले, मूल मेलेलं निघालं आणि ती कशीबशी वाचली. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टर दर आठवड्याला तिची लघवी काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवून बघत. ती गढूळ झाली की धोका. चैत्रात ती थोडी गढुळायला लागली, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहायला लागला. डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं आणि गावकराला बसवून सांगितलं, "ही माझ्या डोळ्यांसमोर बाळंत झाली पाहिजे. झटका आला तर सुई टोचायला मी जवळ हवा." गावकरानं हात जोडले. लेकीसारखी जपायचा तो तिला, हेही सांगितलं पाहिजे.

त्याच महिन्यात निरोप आला, की जिल्ह्याहून मोठे डॉक्टर तपासणीला येणार. आमचा दवाखाना पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मी पडवी सारवली, बाटल्या राखेनं घासल्या, डॉक्टरांचा एकुलता एक कोट इस्त्री केला. माझी काळजी एकच, की गर्दीत साहेबांना बसायला जागा कुठे द्यायची.

सकाळ झाली, ऊन पडवीत आलं, आणि एक माणूस फिरकला नाही. रोजची ती दमेकरी म्हातारीसुद्धा नाही. साहेब होडीतून उतरून घाम पुसत आले तेव्हा बाकांवर आमचं मांजर होतं.

साहेबांनी रोग्यांचं रजिस्टर उघडलं. मग मान वर करून रिकाम्या बाकांकडे पाहिलं. "पानं तर भरलेली आहेत डॉक्टर. रोगी कुठायत?"

एवढ्यात गावकर आला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल, मागे चार मानकरी, सगळे धडधाकट. साहेबांनी त्यालाच विचारलं. तो छाती काढून म्हणाला, "सायेब, आमच्या गावात येक मानूस आजारी नाय. ह्ये डाक्टर आल्यापास्नं रोगराई पळाली."

नंतर आम्हांला कळलं ते असं. आदल्या दिवशी देवळात गावकी बसली होती. मागल्या साली शाळेची तपासणी झाली तेव्हा मास्तरांनी ढ पोरं घरी बसवली, हुशार तेवढी पुढे केली आणि वाहवा मिळवली. गावानं त्यावरून धडा घेतला. आपल्या डॉक्टरची मान खाली जाता कामा नये. उद्या कुणीही आजाऱ्यानं घराबाहेर पडायचं नाही. गावकीचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. खोकणाऱ्यांनी तोंडात पदर कोंबून दिवस काढला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

साहेबांचा चेहरा मात्र बदलला होता. "मग ही नावं कुणाची? आणि सरकारी औषधं कुणी प्यायली?"

म्हणजे माझा नवरा चोर. डॉक्टरांनी गावकराकडे असं बघितलं, जणू आपलंच काही चुकलंय. गावकराला खोटा पाडायची त्यांना भीड पडली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती काय उगाच? मला राहवलं नाही. आतून हात पुसत आले आणि सरळ म्हणाले, "हा खोटं बोलतोय. याच्या सुनेचे पाय सुजलेत. चला, घर दाखवते तुम्हांला."

गावकर चपापला. मग म्हणाला, "सून म्हायारी गेलीय, वयनी." इतकं सहज की मीही क्षणभर फसले.

साहेब उठले. ओहोटी लागली की होडी चिखलात रुतते, तांडेल घाई करत होता. "बाई, मला घरोघर फिरायला वेळ नाही," एवढं बोलून ते गेले. जाताना गावकरानं त्यांच्या होडीत शहाळी भरली.

एरवी सरकारी कागद गोगलगायीच्या पावलानं यायचा. हा मात्र लगोलग आला. गावाला दवाखान्याची गरज दिसत नाही, सबब बंद. चोरीचा आरोप शब्दांत नव्हता, पण कपाटाच्या किल्ल्या न्यायला माणूस आला तो प्रत्येक बाटली उजेडात धरून बघत होता. वैशाखात आम्ही बोचकी बांधली. रत्नागिरीच्या बाजारात एका डॉक्टरांच्या हाताखाली जागा मिळाली, तीही उपकारानं.

निघताना सगळं गाव धक्क्यावर. फणस, कोकमं, रडणाऱ्या बायका. गावकर डॉक्टरांचा हात धरून म्हणाला, "आमाला वाईट वाटता, पन आनंद पन हाय. आमी सायबाला येक रोगी दावला नाय, म्हनून तर तुमाला शेरात बढती मिळाली. व्हय ना?"

मी डॉक्टरांकडे बघत होते. आता तरी बोला! त्यांनी गावकराच्या खांद्यावर हात ठेवला. "होय," म्हणाले.

होडीत मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणे, "अगो, त्यांचं मन कशाला मोडायचं? मनानं चांगली आहेत." आणि सुनेचं काय, म्हटलं. वेळ भरत आली की शहरात आणा, असं गावकराला सांगितलंय म्हणाले.

त्यानं ते ऐकलंही. आषाढात सूज तोंडापर्यंत चढली तसं डोलीत घालून, फुगलेली खाडी ओलांडून त्यानं तिला आणलं. आमच्या खोलीच्या दारात डोली टेकली तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. डॉक्टरांनी वरची घोंगडी दूर केली, मनगट धरलं, पापणी उचलली आणि मनगट हळूच खाली ठेवलं. डोली वाहणाऱ्यांतला एकजण म्हणाला, वाटेत मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी ती कण्हत होती, नंतर झटका आला.

"फाटकाशी?" डॉक्टर म्हणाले. "मग आत का नाही नेलीत?"

गावकराला अजून काही उमगलं नव्हतं. भिजलेला रुमाल पिळत तो म्हणाला, "तितं कशाला? आपला डाक्टर आता त्यांच्या वरचा. बढती झालेला. तुमीच सुई टोचा, बगा उठंल ती."

डॉक्टरांच्या तोंडून तेव्हा खरं बाहेर पडलं. "गावकरानू, ती गेली. आणि माझी बढती कधी झालीच नव्हती. दवाखाना बंद केला त्यांनी. मी इथं दुसऱ्याच्या हाताखाली आहे."

गावकरासाठी मी कितीतरी कडू शब्द साठवून ठेवले होते. त्यातला एकही मला बोलता आला नाही. त्यानं सुनेच्या अंगावर घोंगडी नीट ओढली. मग मान वर करून त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं, "मंग त्या दिशी व्हय कशाला म्हनलात?"