शफीक फर्दापूरला गेला होता

शफीक गेल्याचं मला कळलं तेव्हा त्याला जाऊन महिना होत आला होता. दुपारची वेळ होती. शेवटच्या केमोनंतरचे रिपोर्ट चांगले आले म्हणून वंदनानं, माझ्या बायकोनं, देवापुढं साखर ठेवली, मला चिमूटभर दिली आणि समोरच्या खुर्चीत बसली. मी म्हटलं, आता त्या शफीकला फोन लाव, फर्दापूरचं काम उरकलं असेल तर येऊन जा म्हणावं. ती म्हणाली, "शफीकभाई फर्दापूरला गेलेच नव्हते." मग तिनं सगळं सांगितलं. सकाळी दुकान उघडून बसले, छातीत कळ आली, शेजारच्यानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... साखर माझ्या तोंडात तशीच होती. ती गोड लागत नव्हती. पण त्या दिवसांत मला कशाचीच चव लागत नव्हती, त्यामुळं ते दुःख होतं की केमो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही दोघं पिशोर गावचे, शाळेत एका बाकावरचे. दहावीला तो गणितात अडकला आणि मामाच्या दुकानात, इथं शहरात शहागंजला आला. मोटारसायकल आणि रिक्षांच्या सीटा शिवण्यात त्याचा जन्म गेला. मी शिकत शिकत याच शहरात शाळेत लागलो आणि हडकोत घर केलं. तो मला आयुष्यभर मास्तर म्हणाला, चिडवताना आणि काळजीनंही. मागच्या वर्षी माझ्या मानेत गाठी आल्या, लिम्फोमा निघाला आणि केमो सुरू झाली, तेव्हा त्यानं कुणाला न विचारता ठरवून टाकलं की दर डोसला मला तोच नेणार. वंदनाला म्हणाला, तुम्ही घर बघा वहिनी, याला मी बघतो. केस गेले त्या आठवड्यात त्यानं आपली नमाजाची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला सलाम केला, मीही केला, आणि हा भिंतीकडं तोंड करून हसत बसला. पुढं माझी बोटं बधिर झाली, शर्टाचं बटण लावता येईना. तर तपासणी झाली की सगळ्या बाकांवरची माणसं बघत असताना तो माझी बटणं लावायचा, खालपासून वर, एकेक, शिलाई तपासल्यासारखी. मला लाज वाटायची. मी त्याच्यावर खेकसायचो. तो ऐकून घ्यायचा.

शेवटचे दोन डोस राहिले तेव्हा मी हरलो. फोडणीच्या वासानं उलटी, पाण्याला लोखंडाची चव, जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. पण खरं सांगायचं तर त्रासापेक्षा मला कंटाळा आला होता. मी घरात जाहीर केलं की आता बास, गाठी विरल्यात, मी जाणार नाही. वंदना रडली, डॉक्टरांनी समजावलं, मी हललो नाही. मग शफीक येऊन बसला. "दोन टाके ऱ्हायले म्हणून मी गिऱ्हाइकाला गाडी देतो का मास्तर? तिथूनच उसवती सीट. लई शहाणा झाला का? चल ऊठ." मी उठलो. तो डोस घेतला. परत येताना स्कूटरवर त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं की शेवटचाही घेणार, तो सोबत असो नसो. मी व्हय म्हणालो ते त्यानं गप्प बसावं म्हणून.

त्यानंतर आठवड्याच्या आत तो गेला.

आजारी माणसाला मयतीची बातमी सांगायची नाही, ही आपल्याकडची रीत. मीही ती पाळली आहे. आई अंथरुणावर असताना तिचा भाऊ वारला, तर मी तिला मामाची खुशाली सांगत राहिलो होतो, तेही अगदी सहज. म्हणून वंदनाला काय बोलू? रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात म्हणून भेटणाऱ्यांना बंदी होती. बोटांमुळं फोन तिच्याकडंच असायचा. शफीक का येत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, फर्दापूरला एका हॉटेलच्या सोफ्यांचं मोठं काम मिळालंय, तिथं रेंज नाही. मला ते खरं वाटलं. खरं वाटलं याचाच राग येतो मला. मी शेवटच्या डोसला जाऊ नये इतका चिडलो होतो, आणि गेलोही रागानंच. म्हटलं, बघ, तुझ्यावाचून काही अडत नाही.

डोस झाल्यावर नेहमीसारखा त्याच्या घरून यखनीचा डबा आला. हाडांचं ते पातळ, बिनमसाल्याचं सूप तेवढंच माझ्या पोटात टिकायचं, म्हणून शमीमभाभी, त्याची बायको, दर वेळी पाठवायची. डबा बघून मी आणखीच भडकलो. म्हणजे घरी येऊन गेला आणि इथं आला नाही! मी वंदनाला फोन तोंडापुढं धरायला लावला आणि त्याला बोलून मेसेज पाठवला. शफ्या, सूप पाठवून मोकळा झालास व्हय? चार सोफ्यांपायी दोस्ती विकलीस. आणि भाभींना सांग, मीठ लई झालंय. वंदना मान वळवून दुसरीकडं बघत होती, फोन माझ्या तोंडापासून दूर जात होता. मी तिलाच म्हटलं, नीट धर.

आता सांगा, हे मी कुणाला बोललो? तो माझ्यासाठी तेव्हा जिवंत होता, म्हणून रागावता आलं. सांगितलं असतं तर मी शेवटचा डोस घेतला असता का, हेही मला माहीत नाही. बहुतेक नसता. म्हणजे लपवणाऱ्यांचं बरोबर होतं. पण त्याच्या कबरीवर मूठभर माती टाकायला मी नव्हतो, हेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टी एकत्र डोक्यात मावत नाहीत. एक धरली की दुसरी सुटते...

मागच्या शुक्रवारी त्याच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहे, म्हणजे नवऱ्यामागं विधवेनं घरात राहायचे, परपुरुषासमोर न यायचे ते महिने. मला पुढच्या खोलीत बसवलं आणि ती दारातल्या पडद्याआडून बोलली. दुकानातलं शिलाई मशीन घरी आणून त्या खोलीत ठेवलंय. सुईत काळा दोरा ओवलेला होता, खाली रेग्झिनचा एक तुकडा अर्धा शिवून तसाच. तिनं आधी माझ्या तब्येतीचं विचारलं, आता अन्न जातंय का विचारलं. मला तेही सोसवेना. मी म्हटलं, भाभी, तो मेसेज... मला माहीत नव्हतं हो. मला माफ करा.



मग ती म्हणाली, "माफी कायकू भाईजान. इथं येणारा जाणारा त्यांना मरहूम, मरहूम म्हणायचा. घरात तोच एक लफ्ज, गेलेल्या माणसाचा. तुम्ही एकटेच त्यांच्यावर चिडलेले होते. मी तो मेसेज लई बार ऐकला."

मी मशीनवरच्या त्या तुकड्याकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, मीठ खरंच जास्त झालं होतं का? मी म्हटलं, नाय भाभी, माझ्या जिभेचाच दोष होता. यावर पडद्याआड ती हसली की रडली, मला खरंच कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.