चौघींचा मंगळवारचा गोल्फ

गोल्फचा स्कोअर फार तर चहा संपेपर्यंत लक्षात राहतो. किस्से मात्र आपल्याबरोबर घरी येतात आणि साठत जातात. नवऱ्याला सांगायला बसले की तो म्हणतो, "हा झालाय." म्हणून आता तुम्हाला सांगते.

आम्ही चौघी. भोपाळच्या बाहेर नऊ होलचं एक मैदान आहे, तिथे दर मंगळवारी सकाळी सातला हजर. निर्मलाताई आमच्या कॅप्टन. मूळच्या ग्वाल्हेरच्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या. वासंतीवहिनी अरेरा कॉलनीतल्या. जसबीर माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण. ती माझ्याशी हिंदीत बोलते, मी तिच्याशी अर्धं मराठीत, आणि आमचं छान चालतं. आणि मी शैला. सगळा संसार बरखेड्याला, नवऱ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये केला, आणि चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा गोल्फची काठी, म्हणजे क्लब, हातात धरला.

*

माझा पहिला दिवस. सगळा जोर लावून क्लब फिरवला. डोळे उघडून बघते तर बॉल जागच्या जागी!

मी हसून म्हटलं, "हा प्रॅक्टिसचा हं."

निर्मलाताईंनी विचारलं, "मारायचा होता?"

"मारायचा तर होता..."

"मग एक."

"अहो, पण लागलाच नाही!"

"लागो न लागो. मारायचा म्हणून फिरवलास ना? तो शॉट झाला."

घरी सांगितलं तर नवरा पोट धरून हसला. मला मात्र तो नियम आवडला. आजवर किती गोष्टी मनापासून करायला गेले आणि जमल्या नाहीत. त्या कुणी मोजल्याच नाहीत. इथे निदान कार्डावर येतात!

*

खेळताना दुसरीला सल्ला द्यायचा नाही, असाही एक नियम आहे. दिला, तर देणारीचे दोन शॉट वाढतात, आणि गोल्फमध्ये जिचे शॉट कमी ती जिंकते.

वासंतीवहिनींना हे फार जड गेलं. "मनगट सैल सोड गं", "पाय जरा जवळ घे"... पहिल्या दिवशी त्यांचे चौदा शॉट नुसते सल्ल्यात गेले. निर्मलाताई शांतपणे लिहीत होत्या.

नुकतंच त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं. पुढच्या मंगळवारी वहिनी म्हणाल्या, "काल सूनबाई पोळ्या लाटत होती. अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हटलं, दोन शॉट! गप्प बसले. आठवडाभर गप्प."

"मग? सून खूश असेल!"

"कसली खूश? तिने माहेरी फोन केला. म्हणाली, आईंची तब्येत बरी दिसत नाही."

*

आमच्या मैदानावर लंगूर भरपूर. एकदा जसबीरचा बॉल ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, अलीकडे थांबला होता. लंगूर आला, त्याने बॉल उचलला, हुंगला, चालत ग्रीनवर गेला आणि होलपासून वीतभर अंतरावर ठेवून निघून गेला.

जसबीरने हात जोडले. "बजरंगबली की कृपा! आज मंगलवार भी है!"

निर्मलाताईंनी बॉल उचलून पुन्हा मूळ जागी ठेवला. "जनावराने हलवला, तर होता तिथून खेळायचं."

"दीदी, भगवान ने दिया है!"

"भगवान का कार्ड अलग है," निर्मलाताई म्हणाल्या. "तुम अपना खेलो."

*

हरवलेला बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात. त्यानंतर सापडला तरी तो हरवलेलाच धरतात. निर्मलाताई घड्याळ लावून उभ्या राहतात.

एका मंगळवारी जसबीरचा बॉल झुडपात गेला. ती शोधायला आत गेली. मी मदतीला निघाले, तर निर्मलाताईंनी माझा हात धरला. आतून रडण्याचा आवाज येत होता. चारच दिवसांपूर्वी जसबीरची मोठी बहीण अमृतसरला वारली होती. सकाळपासून जसबीर एक शब्दही त्याबद्दल बोलली नव्हती.

तीन मिनिटं झाली. पाच झाली. मागून चार पुरुष खेळत येत होते, निर्मलाताईंनी त्यांना हात करून पुढे जाऊ दिलं. "हमें टाइम लगेगा."

बऱ्याच वेळाने जसबीर बाहेर आली. डोळे लाल, हातात बॉल. "मिल गया, दीदी."

निर्मलाताईंनी तिच्या केसांतलं वाळलेलं पान काढलं. मग म्हणाल्या, "तीन मिनट हो गए. दूसरा बॉल लो. एक शॉट की पेनल्टी."

आणि जसबीर त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

*

हे सगळं फक्त दुसऱ्यांसाठी होतं असं समजू नका. एकदा निर्मलाताई झाडीमागे एकट्याच होत्या. आम्ही तिघी लांब. त्या शॉट मारून बाहेर आल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "माझा एक वाढव. मारायच्या आधी पायाने बॉल हलला."

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या हो, कोण होतं तिथे बघायला?"

"मी होते ना!"

*

आता गेल्या हिवाळ्यातला किस्सा.

गोल्फमध्ये आपलं कार्ड आपण लिहीत नाही. जोडीदारीण लिहिते आणि शेवटी खाली सही करते. त्या दिवशी निर्मलाताईंचं कार्ड माझ्याकडे होतं.

सातवा होल संपला. मी पेन्सिल काढून विचारलं, "किती, ताई?"

"पाच."

मी मोजले होते सात.

त्या सकाळपर्यंत निर्मलाताईंचा आकडा चुकलेला मी पाहिला नव्हता. पण दोन महिन्यांपूर्वी जवाहर चौकात त्या मला भेटल्या होत्या. दहा मिनिटं आम्ही बोललो. निघताना त्यांनी पुन्हा विचारलं होतं, "अगं, तू इकडे कशी?" तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं.

वहिनी आणि जसबीर पुढे गेल्या होत्या. पाच लिहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. माझा हात कागदावर तसाच थांबला.

"ताई, सात झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून, आलो त्या वाटेकडे बघत बोटांवर मोजायला लागल्या. "बाभळीपाशी पहिला. तिथून वाळूच्या खड्ड्यात, दुसरा. मग..." बोट थांबलं. "वाळूत किती?"

"तीन. तिसऱ्याला बाहेर आला."

"मला एकच आठवतोय."

"हो."

मला वाटलं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज आधी कुठे झालं असं?"

मी मान खाली घातली. "पाचव्या होलवर. एक कमी सांगितलात. मी बोलले नाही."

"मग तो पण नीट कर."

मी खोडून पुन्हा लिहिलं. त्यांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही आकडे तपासले, अगदी मुलांची वही तपासावी तसे.

"शैला, पुन्हा असं गप्प बसायचं नाही."

"नाही बसणार."

"दर मंगळवारी माझं कार्ड तूच लिही."

खेळ संपल्यावर आम्ही चहाला बसलो. स्कोअर नेहमी निर्मलाताईच वाचतात. चष्मा लावून त्यांनी आम्हा तिघींचे वाचले. मग आपलं कार्ड घेतलं आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं, "निर्मला, अठ्ठावन्न."

एवढा मोठा आकडा त्यांचा कधीच नसायचा. जसबीरचा कप हातातच राहिला. "अट्ठावन? दीदी, आपका?"

"हां," निर्मलाताई म्हणाल्या. "आज गिननेवाली पक्की मिली है."