शॉकअपचं तेल आणि पाव लिटरचं माप

वस्तू बिघडली की ती घरीच दुरुस्त करायची, हा माझा छंद. बायको त्याला रोग म्हणते. मी दुरुस्त केलेला पंखा वारा सोडून बाकी सगळं देतो, आणि मी कडी बसवल्यापासून आमचं मागचं दार फक्त बाहेरून लागतं. पण दुष्काळाच्या त्या वर्षी मी मोटारसायकलचे पुढचे शॉकअप घरी खोलले नसते, तर शेजारच्या मावशींची गाय बाजारात गेली असती. म्हणून ही हकीकत मी मान वर करून सांगतो. शेवटी ती थोडी खाली जाते.

मी तेव्हा गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आमच्या बौद्ध वस्तीतून दुधाच्या मापाला हात लावणारा पहिलाच. सुरुवातीला चार घरांनी दूध घालायचं बंद केलं. आठवडाभर घरात दूध नासल्यावर त्यांचे विचार सुधारले. तेव्हाच मी ठरवलं, माझ्यावर कोणी बोललं तर बोलू दे, मापावर कोणी बोलता कामा नये. फेस बसेपर्यंत मी हात हलवत नसे. 'मापात पाप नाही' हे मी इतक्यांदा म्हणायचो की पुढंपुढं मी तोंड उघडायच्या आत रांगच ते म्हणायची.

दुष्काळात लिटरचं माप खुंटीला गेलं आणि पाव लिटरचं खाली आलं. ते मागं एकदा म्हशीच्या पायाखाली चेपलं होतं. मी घरीच ठोकून सरळ केलं. बूड थोडं बाहेर आलं आणि ठेवलं की जरा डुलायचं, एवढंच.

सोसायटीच्या भिंतीला लागून मावशींचं घर. एकटं माणूस आणि एक गाय. चारा नसल्यानं गाय आटत आली होती, तरी वेळेला तांब्याभर दूध द्यायची. मावशींच्या मते तांब्या म्हणजे अर्धा लिटर. माझ्याकडं मात्र पहिलं माप भरायचं आणि दुसरं दोन बोटं रितं राहायचं.

"सेक्रेटरी, तुमचं माप मोठं हाय," एके दिवशी त्या भर रांगेत म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, माप बरोबर हाय. घरी जाऊन गायीला इचारा!"

रांग हसली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी खरंच गायीला विचारायला सुरुवात केली. पंधरा दिवस भिंतीपलीकडून आवाज यायचा, "खाती तेवढं खाती अन् दूध चोरती व्हय गं, भवाने?" शेवटी एका संध्याकाळी रिकामा तांब्या उचलत त्या म्हणाल्या, "माप काय भरंना. येत्या बाजारी इकते तिला." त्या वर्षी बाजारात आटलेल्या गायीला कसलं गिऱ्हाईक मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाईट वाटलं. पण मापापुढं माझं तरी काय चालणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाजाराच्या आदल्या दिवशी माझ्या मोटारसायकलनं मान टाकली. दूध कमी पडायला लागल्यापासून शीतकरण केंद्राचा टेम्पो बंद झाला होता, आणि कॅन मीच गाडीला बांधून पोचवायचो. तिथं आमचं दूध माझ्या नोंदीपेक्षा नेहमी थोडं जास्तच भरायचं. मी ती माझ्या हाताची बरकत समजायचो. येताना त्याच गाडीवर पिण्याच्या पाण्याचे कॅन. एवढ्या ओझ्यानं आणि मुरमाच्या रस्त्यानं पुढच्या दोन्ही शॉकअपचे, तेल आत अडवणारे रबरी ऑईल सील गेले. तेल गळत ब्रेकपर्यंत पोचलं. ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करायची, मग थांबायची.

दिंद्रुडचा मेकॅनिक म्हणाला, दोन दिवस लागतील. दोन दिवस दूध काय डोक्यावर घेऊन बसू? मी शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवे सील आणि शॉकअपच्या तेलाचा अर्ध्या लिटरचा बंद डबा घेतला. मेकॅनिकला जाता जाता विचारून घेतलं. "एकेकात पाव लिटर," तो म्हणाला.

दुपारी अंगणात इंजिनाखाली ओंडका लावून पुढचं चाक काढलं. शॉकअप उलटे केले तर आतून काळं, नासक्या वासाचं पाणीदार तेल आलं. बायको दारात उभी होती. "हात धुवायला पानी मागू नका. टँकर उद्या हाय." तिनं परळीच्या वीजकेंद्रावरून आणलेली कोळशाची राख पुढं सरकवली. सीलवरची तारेची रिंग स्क्रूड्रायव्हरनं उचकटली, तर ती उडून थेट तिच्या ज्वारीच्या पिठात पडली. त्यानंतर तिनं जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. नवा सील ठोकून बसवायला त्याच मापाची नळी लागते. मी आमच्या कोरड्या बोअरचा पाइप वीतभर कापला. त्या बोअरनं आमच्या घराला दिलेला तेवढाच उपयोग.

मग तेल मोजायला सोसायटीचं माप काढलं.

"आवं, दुधाचं माप!" बायको ओरडली.

"घासतो की राखेनं," मी म्हणालो.

पहिलं माप काठोकाठ भरलं. ते डाव्यात ओतलं. दुसरं भरायला घेतलं, तर डबा संपला आणि माप दोन बोटं रितं. डबा उलटा करून झटकला. थेंब नाही. माझा पारा चढला. तेवढंच उजव्यात ओतलं, गाडी जुळवली, रिकामा डबा आणि माप पिशवीत घातलं, आणि तडक दिंद्रुडला जाऊन भर दुकानात माप आपटलं.

"शेठ, तुमचा डबा कमी हाय!"

दुकानदारानं शांतपणे वर पाहिलं. "सेक्रेटरी, डबा बरोबर हाय. घरी जाऊन मापाला इचारा."

गिऱ्हाइकं हसली. हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं.

त्यानं आपलं शिक्क्याचं पाव लिटरचं माप काढलं, तेलानं भरलं आणि माझ्या मापात रिकामं केलं. माझं माप बोटभर रितं राहिलं. मग त्यानं ते उचलून बुडावरून अंगठा फिरवला. "हे कुनी ठोकलं?"

मी म्हणालो, "शेठ, मला तुमच्याकडचं एक नवं माप द्या."

परतीच्या वाटेवर मला तीन युक्त्या सुचल्या. बूड गुपचूप आत ठोकावं. किंवा नवं माप केंद्रावरून आलं म्हणून सांगावं. किंवा काहीच न सांगता उद्यापासून गाय आपोआप सुधारू द्यावी. ती चार घरं काय म्हणतील, हे मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. तिसरी युक्ती मला फारच आवडली होती. पण गायीला उद्या नव्हताच. मी पोचलो तेव्हा मावशी तिचं अंग कोरड्या फडक्यानं पुसत होत्या. बाजारात बरी दिसावी म्हणून. पाणी कुठलं असणार!

संध्याकाळच्या रांगेपुढं मी दोन्ही मापं ठेवली आणि नव्यातलं कॅन विसळलेलं पाणी जुन्यात ओतून दाखवलं. "माप मोठं हाय. मीच ठोकलं होतं. मावशी खरं बोलत होत्या." एवढं बोलायला मला जेवढा घाम आला तेवढा शॉकअप खोलताना आला नव्हता. चार घरांतला एक जण म्हणाला, "का रं सेक्रेटरी, मापात पाप न्हाई ना?" सगळे हसले. मीही हसलो, पण लाज वाटायची ती वाटलीच. जादाच्या दुधाचे पैसे ज्याचे त्याला वळते करायचे, हे पुढं बैठकीत ठरलं.

मावशींचा तांब्या नव्या मापानं मोजला. पहिलं माप भरलं. दुसरंही काठोकाठ भरलं. त्यांनी मापाच्या काठावरून बोट फिरवून पाहिलं.

"मावशी, चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला काय सांगता? पंधरा दिस शिव्या तिनं खाल्ल्या. तिला सांगा."

रांग सोडून मी भिंतीपलीकडं गेलो आणि सगळ्यांदेखत गायीपुढं हात जोडले. तिनं हातांचा वास घेतला. तेल, रबर आणि परळीची राख. फुस्स करून तिनं तोंड फिरवलं.

"न्हाई ऐकत," मावशी म्हणाल्या. "उद्या परत या."

सोसायटीत कोणी काम घेऊन आलं की मी हेच सांगायचो, म्हणून रांग पुन्हा हसली. मी मान खाली घालून घरी आलो. उद्या बाजार होता, आणि उद्या परत या म्हणजे उद्या गाय इथंच असणार होती, हे मला हातावरची राख झटकताना कळलं.