ओस्तियाचं पेव

अकोल्याच्या स्टेशनावर आम्हाला पोचवायला निम्मं शहर लोटलं होतं. उरलेलं निम्मं जठारपेठेत दुकानं सांभाळत बसलं, नाहीतर तेही आलं असतं. माझा सोबती सदाशिव म्हणतो की पोचवायला सहा-सात माणसं होती आणि त्यांतले दोघे हमाल होते. सदाशिवला मोजायची वाईट खोड आहे. म्हणून तर प्रवासवर्णन तो लिहीत नाही, मी लिहितो.

आम्ही दोघंही एकाच जिनात फिटर. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आमच्या शेठनी कापसाच्या गाठी बांधायची नवी प्रेस इटलीहून मागवली आणि ती चालवायचं शिकून यायला आम्हा दोघांना आगबोटीनं धाडलं. मी गावात सांगितलं की इटलीच्या सरकारनं तार करून बोलावलं आहे. लोकांनी विश्वास ठेवला, यात माझा काय दोष?

सदाशिवची आई गिरजामाय जिनातून तशीच स्टेशनावर आली होती. सरकीच्या यंत्रापाशी उभी राहून तिचा जन्म गेला. डोक्यापासून पायापर्यंत कापसाचे तंतू, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी पोरगा होतो तेव्हापासून तिला अशीच, पिंजलेल्या गादीसारखी पाहत आलो. लेकाच्या नव्या कोटाला कापूस लागेल म्हणून ती चार हात लांब उभी राहिली. नातवंडांनाही ती जवळ येऊ देत नसे. आधी आंघोळ, मग लेकरू. पण हंगाम ऐन थंडीचा, जिनात हौदाचं गार पाणी. गार पाण्यानं घामात बसलेला कापूस निघत नाही, फक्त खोकला येतो. मग ती रात्रभर खोकायची आणि पलीकडच्या खाटेवर सदाशिव ऐकत पडायचा.

म्हणून सदाशिवच्या डोक्यात एकच खूळ होतं. बॉयलरचा गरम धूर चिमणीतून फुकट आभाळात जातो, तो आधी एका खोलीच्या फरशीखालून न्यायचा. फरशी तापेल, पाणी तापेल, बाया न्हातील. मॅनेजरसाहेब माणूस भला, पण ते म्हणाले, "सदाशिव, धूर वर जातो. आडवा घातलास तर भट्टी गुदमरेल." आणि शेठ म्हणाले, "कुठं तरी चालू असलेलं पाहून ये. मग जागा देतो."

गाडी हलली तेव्हा गिरजामाय लांबूनच ओरडली, "येतानी मले काई आनू नोको रे! धूर आडवा जाते का, तेवढं पायजो!"

बोटीचं वर्णन मी थोडक्यात करतो, कारण त्यातला बराच काळ मी कठड्यावर ओणवा होतो. लाटा चिखलदऱ्याच्या डोंगराएवढ्या होत्या. एका लाटेवर तर मला चरणाऱ्या म्हशीही दिसल्या. सदाशिव म्हणतो समुद्र त्या दिवशी ताटातल्या वरणासारखा शांत होता. असो.

इटलीत उतरल्यावर पहिल्या जेवणाला त्यांनी ताट भरून शेवया दिल्या. मी आनंदानं दूध-गूळ मागितलं. वाढणाऱ्यानं वर चीज किसून घातलं. त्या दिवसापासून मी खिशात जवसाच्या चटणीची डबी बाळगू लागलो, आणि खोटं नाही सांगत, महिनाभरात कारखान्यातले निम्मे इटालियन जेवताना माझ्याच मेजाशी येऊन डोळे पुसत बसू लागले.

कारखान्याच्या खाणावळीत भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यात पडक्या भिंती आणि मध्ये कोरडा हौद. आमच्या फोरमननं सांगितलं, "तेर्मे (स्नानगृहं)!" मग त्यानं फरशीकडे बोट दाखवलं, पायाखाली आग असल्यासारख्या उड्या मारल्या आणि अंगाला साबण लावल्याचं सोंग केलं. मी हसलो. सदाशिव हसला नाही. त्याच्या हातातली शेवई काट्यावरच राहिली.

"बाबू," तो म्हणाला, "ह्या लोकाइनं केलं हाये. फरशीखाली."

त्यानंतर त्यानं मला झोपू दिलं नाही. शेवटी शिकवणी संपली तेव्हा आम्ही रोमला आलो आणि तिथून छोट्या गाडीनं ओस्तियाला, कॅलेंडरातल्या त्या गावी. हे रोमचं जुनं बंदर. समुद्र मागे सरकला आणि गाव ओस पडलं. दुकानं, रस्ते, नाटकगृह, सगळं बिनछपराचं. मोर्शीच्या संत्र्यांच्या बागेत शिरल्यावर वाटतं तशी शांतता. फक्त संत्र्यांच्या जागी खांब.

स्नानगृह सापडलं. न्हाणीघर म्हटलं की वहाणा बाहेर. आम्ही दोघांनी बूट काढून उंबऱ्यापाशी जोडीनं ठेवले आणि अनवाणी आत गेलो. फरशीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांचे मासे होते, असे जिवंत की मी दोनदा पाय वर घेतला. तेवढ्यात मागून एक म्हातारा आरडाओरड करत धावत आला. दोन्ही हातांत आमचे बूट, काखेत काठी. हा इथला कुस्तोदे (राखणदार), नाव पिएत्रो. त्याला वाटलं, दोन परदेशी माणसं बूट काढून कुठं तरी जीव द्यायला गेली. आम्हाला धडधाकट पाहून तो इतका आनंदला की त्यानं आम्हाला सगळं न्हाणीघर स्वतः फिरून दाखवलं. इथं कपडे काढायचे, इथं गार पाणी, इथं कोमट. गरम खोली शेवटी. त्यानं हातवारे करून सांगितलं: शेठ, शिपाई, हमाल, सगळे इथंच. आक्वा (पाणी) सगळ्यांना.

"सगळ्याइले एकच हौद?" सदाशिवनं मला विचारलं. त्याच्या लहानपणी गावात पाण्याचे हौद वेगळे होते, हे मी जाणून होतो. मी मान हलवली. पिएत्रोनंही हलवली.

पण गरम खोलीत आलो आणि सदाशिव खचला. नुसत्या भिंती, कुठं कुठं फुटलेली फरशी, भेगांत गवत. त्यानं फरशीला हात लावला.

"थंडं हाये, बाबू. मेलेलं हाये हे. शेठ म्हनले होते, चालू असलेलं पाय. आता मी काय सांगू? फोरमननं उड्या मारून दाखवल्या म्हून?"

मला काही सुचेना. सुचलं नाही की मी बोलतो, आणि बोलायलाही काही नसलं की टाच आपटतो. आमच्या वऱ्हाडात ज्वारी पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. वरून दिसत नाही. कुठं पुरलंय ते विसरलं की माणसं टाच आपटत फिरतात. भरीव जमीन 'ठप्प' म्हणते, पेव 'धुम्म' म्हणतं. माझी टाच पडली आणि ओस्तियाची फरशी म्हणाली, धुम्म!

"सदू! पेव!" मी ओरडलो. "लेकाहो, ह्यांनी ज्वारी पुरली हाये!"

मी नाचायलाच लागलो. धुम्म धुम्म. पिएत्रो कपाळ बडवून घेत माझ्यामागे धावला. त्या गडबडीत समुद्राकडून वारा आला आणि माझी पांढरी टोपी उडून फुटक्या फरशीतून खाली गेली. वाकून पाहिलं तर खाली अंधारात विटांचे बुटके खांब ओळीनं उभे, आणि त्यांच्यामध्ये माझी टोपी. मी डोकं आत घातलं, तोच सदाशिवनं माझा पाय धरून मला मागे ओढलं.

"मरतं काय बे? पेवात दिवा सोडल्याबिगर उतरते का कोनी?"

सदाशिवचा काका असाच पेवात उतरला आणि तिथंच मेला होता. कोंडलेल्या पेवात वाईट हवा असते. आधी दिवा सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. त्यावर वाद नाही.

पण दिवा आणायचा कुठून? चटणीच्या डबीचं झाकण झालं पणती. पिएत्रोच्या शिदोरीत ऑलिव्हचं तेल होतं. आणि वात? सदाशिवनं कोटाच्या खिशात हात घातला. जिनातल्या माणसाच्या खिशात कापूस नाही असं होतच नाही. सात समुद्र ओलांडून तो तिथंच होता. त्यानं वात वळली, दिवा लावला आणि पिएत्रोच्या काठीनं हळूच आत सरकवला.

आम्ही तिघं पोटावर पडून पाहत होतो.

दिवा विझला नाही. ज्योत सरळही राहिली नाही. ती आडवी झाली. कुणी बोट धरून नेत असावं तशी भिंतीकडे झुकली आणि तशीच राहिली.

"बाबू, बिडी लाव," सदाशिव एकदम हळू आवाजात म्हणाला. "हाय तेवढ्या."

मी सगळं बंडल पेटवलं आणि धूर आत सोडला. धूर खांबांमधून सापासारखा सरपटत निघाला. सदाशिव उठला. भिंतीत मातीच्या पोकळ नळ्या बसवलेल्या होत्या, वरून फुटलेल्या. त्यांच्याकडे तो बघत राहिला. बराच वेळ काही नाही. मग एका नळीच्या तोंडातून निळसर धागा वर आला.

"मादोन्ना (देवमाते)!" पिएत्रो म्हणाला.

"माय वं!" सदाशिव म्हणाला.

तो अनवाणी, फुटक्या फरशीवर उभा राहून रडत होता आणि हसत होता. पिएत्रोनं त्याला मिठी मारली. टोपी मात्र मीच काढली. ते काम कुणी सांगितलं नाही म्हणून राहून गेलं होतं.

अकोल्याला परत आल्यावर शेठनी विचारलं, "काय, चालू असलेलं पाहिलं का?"

सदाशिव खरं सांगायला तोंड उघडतोय तोच मी म्हणालो, "शेठ, दोन हजार वर्षं बंद पडलं होतं. आम्ही चालू करून आलो."

शेठ हसले. सदाशिवनं मग सगळं सांगितलं, ज्योत आणि नळ्यांसकट. शेठनी सरकीच्या गोदामालगतची पडवी दिली. विटांचे बुटके खांब आम्हीच रचले, वर शहाबादी फरशी घातली, भिंतीत कौलांच्या मातीच्या नळ्या बसवल्या. मॅनेजरसाहेब रोज येऊन मान हलवत, पण गिलाव्याला चुना त्यांनीच मिळवून दिला.

पुढच्या हंगामात, थंडीच्या एका सकाळी, भट्टीचा धूर फरशीखाली सोडला. बाहेर बाया लुगड्याची घडी काखेत घेऊन उभ्या. मॅनेजरसाहेब भट्टीपाशी. आणि धूर उलटा आला. सगळ्या बाया खोकत पांगल्या. सदाशिवचा चेहरा मला बघवेना.

गिरजामाय मात्र हलली नाही. तिनं केसांतला कापसाचा पुंजका काढला आणि भिंतीतल्या नळीच्या तोंडाशी धरला. कापूस लोंबत राहिला.

"थंडी भरली हाये इच्यात," ती म्हणाली. "थंड्या चुलीले पयले बुडाशी जाळ लागते. तुमाले कोनी सांगतलं नाई का?"

सदाशिवनं नळीच्या बुडाशी वाळक्या पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या काड्यांचा) जाळ केला. नळी तापली. मायनं पुन्हा कापूस धरला. या वेळी तो तिच्या बोटांतून सुटला आणि सरळ वर, आभाळात गेला. भट्टी घुमू लागली. मॅनेजरसाहेबांनी टोपी काढली आणि परत घातली.

बाया आत गेल्या. आतून पाण्याचा आवाज, हसणं, एकमेकींना टोमणे. मी बाहेर बसून एका नव्या पोऱ्याला चरणाऱ्या म्हशींची लाट सांगत होतो. दार उघडलं आणि एक बाई बाहेर आली. ओल्या केसांची, काळ्याभोर केसांची. तिच्या अंगातून वाफ निघत होती. सदाशिवची धाकटी पोर धावत गेली आणि त्या बाईनं तिला सरळ उचलून कडेवर घेतलं.

मी सदाशिवला विचारलं, "ही कोण रे नवी?"

ती वळली. पापण्या काळ्या, भुवया काळ्या, केसांत पांढऱ्या म्हणाव्यात अशा एक-दोनच बटा. मी तिला जन्मभर म्हातारी समजत आलो होतो.

"काहून रे बाबू," गिरजामाय म्हणाली, "रोम पाहून आला, अन् मले ओयखत नाईस?"

मी या प्रवासाबद्दल जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं लोक सोडून देतात. खुशाल सोडा. म्हशीही सोडा. पण त्या सकाळी माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही, हे अख्खं जिन साक्षीला आहे.