डाव्या बाजूची हाक

मुरबाडहून शहापूरकडे येणाऱ्या रस्त्याला गवताची एक वखार आहे. दिवाळीनंतर आसपासच्या माळांवरचं गवत कापून, वाळवून तिथे आणतात, यंत्रात दाबून गासड्या बांधतात आणि ट्रकमधून मुंबईकडच्या तबेल्यांना पाठवतात. माझा थोरला भाऊ तिथे गासड्या ट्रकवर चढवतो. आमचं गाव डोळखांबच्या अलीकडे. भात घरात आलं की तो रोज वखारीवर जायला लागतो आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा शेतात उतरतो.

हे काम जोडीनं करायचं असतं. एक जण गासडीच्या डाव्या अंगाला, दुसरा उजव्या. दोघांच्या हातात एकेक लोखंडी आकडा. तो गासडीच्या तारेत अडकवायचा, दुसरा हात खालून घालायचा आणि दोघांनी एकदम उठायचं. एक जण जरा आधी उठला तर गासडी कलंडते आणि मागे राहिलेल्याच्या कमरेवर येते. म्हणून हाक लागते. हाक मारायचा मान डाव्या बाजूच्या माणसाचा. प्रत्येक जोडीची हाक वेगळी, कारण शेजारी दुसरा ट्रक लागलेला असतो आणि भलत्याच्या हाकेवर उचललं तर घोटाळा होतो.

भावाच्या जोडीदाराची हाक होती, “हांऽऽ गडी.” लांब ‘हां’वर वाकायचं, आकडा लावायचा, पाय रोवायचे, श्वास घ्यायचा. ‘गडी’वर उठायचं. पोरवयापासून दोघं याच हाकेवर उचलत आले. भाऊ कायम उजवीकडे. त्यानं स्वतः कधी हाक मारली नाही.

जोडीदार मागच्या पावसाळ्यात गेला. घरी जेवून उठताना छातीत कळ आली; रिक्षा मिळून दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. खांदा द्यायला भाऊ होता. तिरडी उचलताना बाकीचे उठले आणि तो वाकलेलाच राहिला, असं तिथल्या दोघांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी कोणी त्याचा अर्थ लावला नाही. रडून माणूस गळाठतो, एवढंच सगळ्यांना वाटलं.

वखारीत एक रीत आहे. मेलेल्या माणसाची हाक कोणी मारायची नाही. मारली तर तो उचलायला येतो, असं म्हणतात. हे सांगताना कोणी आवाज खाली करत नाही. तंबाखू मळता मळता सांगतात.

नव्या हंगामाला भावाला नवा जोडीदार मिळाला. गेलेल्याचाच चुलतभाऊ, वयानं लहान, अंगानं मजबूत. आधी तो भिवंडीकडच्या गोदामात होता. त्यानं डावी बाजू घेतली आणि आपली हाक ठरवली, “चल.” आठवडा झाला नसेल, भावाची कंबर धरली. सुरुवातीला उतरत्या उन्हात, मग सकाळपासूनच. तो कमरेवर हात ठेवून चालायला लागला, तशी शेजारच्या ट्रकवरची माणसं त्याला विचारायला लागली, “काय रे, कितवा लागला?” तो हसायचा. घरी आल्यावर ओट्यावर आडवा पडायचा तो जेवायलाच उठायचा.

मुकादम वाईट माणूस नव्हता. होळीपर्यंत बघू, म्हणाला. तोवर कंबर बरी झाली नाही तर त्याला दुसरा माणूस घ्यावा लागणार होता. वखार सुटली तर भावाला घर सोडून कुठल्यातरी गोदामात जावं लागलं असतं, आणि तिथेही उचलायचंच काम होतं. बसायचं काम त्याला कोणी दिलं नसतं आणि त्याला जमलंही नसतं.

मी त्याला स्कूटरवरून शहापूरला दवाखान्यात नेलं. कमरेचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. मग व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्यांनी कागदांनी भरलेलं एक प्लास्टिकचं खोकं जमिनीवर ठेवून उचलायला सांगितलं. भाऊ नीट वाकला, गुडघ्यात वाकला, खोकं अंगाजवळ घेतलं. आणि तिथेच थांबला. मग उठला. बाईंनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तो त्याच ठिकाणी थांबला.

त्यांनी विचारलं, “कोणाची वाट बघताय?”

“कोणाची नाय,” भाऊ म्हणाला. त्याला प्रश्न कळला नव्हता. आपण थांबतो हे त्याला माहीत नव्हतं.

बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. हाडाला काही नाही. पण भार हातात घेऊन अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थांबलं की सगळा ताण कमरेच्या स्नायूंवर येतो. रोज, दिवसभर तेच झालं की ते स्नायू धरतात. मग माणूस दुखेल या भीतीनं कंबर आधीच ताठ करतो आणि ताठ कंबर जास्त दुखते. त्यांनी व्यायाम दिले, मनात आकडे मोजून उचलायला सांगितलं. जमेल तेव्हा विश्रांती घ्या, म्हणाल्या. त्यांचं बोलणं बरोबर होतं. घरी पाण्याचा हंडा भाऊ आकडे मोजून नीट उचलायचा. वखारीत मोजणं चाललं नाही.

त्यानंतर एक दिवस मी वखारीत जाऊन बसलो. नुसतं बघायला. “चल” म्हणून नवा जोडीदार उठायचा. भावाचे हात लागलेले, गुडघे वाकलेले, श्वास घेतलेला, आणि तो तिथेच. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. तेवढ्यात गासडी त्याच्या अंगावर कलायची आणि मग तो कंबर पिळून वर यायचा. चेहऱ्यावर दुखण्याची खूण नव्हती. ऐकत असलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता. आणखी एक गोष्ट दिसली. नवा जोडीदार बुटका आहे. भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत नव्हता. त्याच्या डोक्याच्या थोडं वर, गेलेल्याचं तोंड जिथे आलं असतं तिथे बघत होता.

चहाच्या वेळी मी हे दोघांना सांगितलं. भावानं मान खाली घातली. नव्या जोडीदारानं कप खाली ठेवला.

“मग काय करू दादा?” तो मला म्हणाला. “त्याची हाक मी मारू? नि तो आला तर उभा कुठं ऱ्हाईल? त्याच्या जागेवर तर मी हाय.”

कोणी हसलं नाही.

मुकादमानं बाजू बदलून बघायला सांगितलं. भाऊ डावीकडे गेला, म्हणजे हाक मारायचा मान त्याच्याकडे आला. त्यानं “चल” म्हटलं. नवा जोडीदार उठला, आणि भाऊ स्वतःच्या हाकेवर उठला नाही. नंतर तो मला म्हणाला की शब्द तोंडातून गेला, पण अंगाला तो आपल्यासाठी आहे असं वाटलंच नाही.

आता एकच हाक उरली होती. ती मारायची तर विचारायला हवं होतं, आणि कोणाला विचारायचं हे सगळ्यांना माहीत होतं. गेलेल्याची बायको त्याच वखारीत कामाला आहे. ट्रकभोवती सांडलेलं गवत झाडून ती पुन्हा यंत्राकडे नेते. नवरा होता तेव्हाही हेच काम करायची. ती जवळून गेली की माणसं बोलणं आवरतं घेत.

भाऊ पाण्याच्या पिंपाजवळ तिच्याशी बोलला. मी तिथेच होतो. त्यानं फार आडून सुरुवात केली. दवाखाना, फोटो, डॉक्टरबाई, आकडे मोजणं. ती डोक्याचा फडका सोडून पुन्हा बांधत ऐकत होती. मधे एकदा तिनं विचारलं की रात्री झोप लागते का. भाऊ म्हणाला, कुशीवर लागते. शेवटी मूळ गोष्टीवर येऊन तो अडखळला, तेव्हा तिनंच ती पुरी केली.

“मारा भावोजी,” ती म्हणाली. “पण मारायची तर रोज मारा. एक दिस मारलीत नि एक दिस नाय, तर तो गेल्याचं मला पुन्ना पुन्ना कळल.”

भाऊ “हो” म्हणाला. आपण काय कबूल केलं हे त्या वेळी त्याला पुरतं समजलं होतं असं मला वाटत नाही. मलाही समजलं नव्हतं.

दुपारी भावाच्या तोंडून पहिल्यांदा ती हाक आली. “हांऽऽ” म्हणताच शेजारच्या ट्रकवरची माणसं थांबली. झाडू थांबला. “गडी” म्हणताना भावाचा आवाज जाड झाला, हुबेहूब नाही, पण वळण तेच. गासडी सरळ वर गेली. नव्या जोडीदारानं ती ट्रकच्या काठावर टेकवली आणि आपल्या हातांकडे बघितलं.

“हलकी लागली,” तो म्हणाला.

दोघं एकाच क्षणी उठले की दोघांनाही भार कमी लागतो. त्याला दुसरं कारण शोधायची गरज नाही. मी हे त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. तेव्हापासून तो उचलताना डोळे मिटतो.

भावाचं दुखणं कमी झालं. पुरतं गेलं नाही. होळी आली, गेली, आणि मुकादमानं दुसरा माणूस शोधला नाही. डावीकडे उभं राहून भावाची चालही बदलली. वजन डाव्या टाचेवर टाकून मान थोडी मागे. एकदा रस्त्यावरून जाताना मला वखारीत तो गेलेला जोडीदारच उभा दिसला, म्हणून मी स्कूटर थांबवली. भाऊच होता.

तिकडे गेलेल्याची बायको हाकेवर काम करते. ‘हां’ ऐकलं की झाडू थांबवते, ‘गडी’ झालं की पुढे झाडायला लागते. तिनं ठरवून असं केलंय की आपोआप होतं, हे मी विचारलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी सांगितलेली विश्रांती भावाला घेता आलेली नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी त्याची कंबर इतकी धरली की त्याला पायात चप्पल घालता येईना. वहिनीनं जाऊ नका म्हटलं, मीही म्हटलं. हाक रोज मारायचं कबूल केलंय, म्हणाला. मी त्याला स्कूटरवर बसवून वखारीत नेलं, आणि दोघांनी धरून त्याला एका गासडीवर टेकवलं. त्याच्याऐवजी मुकादमानं दुसऱ्या जोडीतला एक जण डाव्या बाजूला दिला. त्या माणसानं आकडा नेहमीपेक्षा थोडा आत लावला आणि तसाच आत सरकून उभा राहिला. बाहेरच्या अंगाला आणखी एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा मोकळी राहिली.

असं उभं राहून नीट जोर लागत नाही, हे भावाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या मोकळ्या जागेकडे त्यानं एकदा बघितलं. त्या माणसाला त्यानं नीट उभं राहायला सांगितलं नाही. श्वास घेताना कमरेत कळ आली, तशी गासडीची तार धरली, आणि बसल्या जागेवरून हाक मारली.